रुग्णाच्या अंगावरचे कापड

कवठे महांकाळ आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर 'मिरजेला नेले' एवढे शब्द ऐकले की पुढचे विचारावे लागत नाही. घरात कोणी तरी चांगलेच आजारी आहे, हे त्यात आलेच. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली आणि आमच्या स्टेशनावरून आजारी माणसे त्या गाडीने जाऊ लागली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. रुळ पुढे रुंद झाले, एस.टी. आणि जीपगाड्या वाढल्या. पण माणसाबरोबर जाणारे गाठोडे मात्र फारसे बदलले नाही. दोन चादरी, एक वाकळ, टॉवेल, तांब्या, डबा आणि रुग्णाचे घरचे कपडे.

या गाठोड्यातील कापडाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात येण्याचे कारण साधे आहे. अलीकडे बाजारात जंतुरोधक कपडा मिळू लागला आहे. मोजे, बनियन, चादरी, परिचारिकांचे गणवेश आणि रुग्णांना घालावयाचे गाऊन, सगळ्यांवर '९९ टक्के जंतूंचा नाश' अशी चिठ्ठी असते. शाळेच्या पालकसभेत एका पालकांनी मला विचारले, "सर, वडिलांचे ऑपरेशन आहे. हा महागाचा कपडा घ्यावा काय? खरेच उपयोग होतो काय?" मी इतिहासाचा शिक्षक, वैद्यकातला अधिकारी नव्हे. तरी प्रश्न डोक्यात राहिला. शोध घेता घेता असे दिसले की या प्रश्नाला निदान सातशे वर्षांचा इतिहास आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग त्या इतिहासातच आहे.

कैरो शहरात १२८४ साली सुलतान कलाऊन याने एक मोठे रुग्णालय बांधविले. त्यास बीमारिस्तान म्हणत. स्वतः सुलतान तरुणपणी दमास्कसच्या बीमारिस्तानात बरा झाला होता आणि त्याने त्या वेळी नवस केला होता, असे सांगतात. या संस्थेच्या खर्चासाठी जो वक्फनामा केला गेला, तो इतिहासकारांनी अभ्यासला आहे. त्यात औषधे आणि वैद्यांचे पगार तर आहेतच. पण खाटा, कापसाच्या गाद्या, पांघरुणे यांचीही तजवीज आहे. बरा होऊन घरी जाणाऱ्यास त्याच्या इतमामाप्रमाणे कपडे द्यावेत, आणि जो दगावेल त्याच्या कफनाचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून करावा, असेही नमूद आहे. जंतू म्हणजे काय हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही रुग्णाच्या अंगाखाली आणि अंगावर काय असावे, ही जबाबदारी रुग्णालयाची आहे, एवढे त्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो, कारण पुढे कित्येक ठिकाणी नेमका तोच विसरला गेला.

एकोणिसाव्या शतकातील युरोपचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया करणारे नामांकित डॉक्टर जुना काळा कोट घालून काम करीत. रक्त आणि पू वाळून तो कोट कडक झालेला असे, आणि त्याचा कडकपणा हा अनुभवाचा पुरावा मानला जाई! अशा काळात व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरने १८४७ साली क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. ही हकीकत आपल्या मुलांच्या पुस्तकांतून येते. तिचा दुसरा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढे सेमेलवाइस पेस्ट शहरात प्राध्यापक झाले. तिथे १८५६-५७ च्या सुमारास बाळंतरोग पुन्हा वाढला. हात तर सारे धूत होते. मग दोष कुठे? शोधता शोधता त्यांना दिसले की धुवून आलेल्या म्हणून ज्या चादरी बाळंतिणींखाली घातल्या जात, त्यांवर आदल्या रुग्णाचे डाग तसेच होते. धुलाईचे काम कमीत कमी दर सांगणाऱ्या ठेकेदाराला दिले होते! सेमेलवाइसांनी त्या दुर्गंधीच्या चादरींचे गाठोडे उचलून थेट वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे नेऊन ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ठेके आणि निविदा यांची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच दशकात, १८५४ च्या नोव्हेंबरात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोचल्या. क्रिमियाच्या लढाईतले जखमी शिपाई तिथे येत होते. कपडे आणि अंथरुणे थंड पाण्यातून काढली जात आणि उवांसकट परत येत. बाईंनी एक घर भाड्याने घेतले, त्यात पाणी उकळण्याच्या मोठ्या कढया बसविल्या आणि शिपायांच्या बायकांना कामावर ठेवून तिथे धुलाई सुरू केली. पुढे १८५५ च्या मार्चमध्ये सरकारी आरोग्य मंडळ आले आणि त्याने तुंबलेली गटारे साफ करविली, हवेची सोय केली. फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ४२ होते, ते जूनमध्ये शेकडा सुमारे २ वर आले. याचे सारे श्रेय धुतलेल्या सदऱ्यांना देता येणार नाही. गटारांचा वाटा मोठा होता. पण उकळते पाणी, साबण आणि ते वापरणारे हात यांची गणना रुग्णसेवेत झाली, ती तेथून.

आता खऱ्या अर्थाने जंतुनाशक कापडाकडे येऊ. त्याची जन्मतारीखही सांगता येते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडून कातडीबाहेर आले होते. त्या काळी अशा जखमेत हमखास पू होई आणि मग पाय कापावा लागे किंवा रुग्ण दगावे. डॉक्टर जोसेफ लिस्टर यांनी फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांचे लेखन वाचले होते. कुजण्याची क्रिया सूक्ष्म जीवांमुळे होते, हे त्यांना पटले होते. कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालविण्यासाठी कार्बोलिक ॲसिड वापरतात, हेही त्यांच्या कानी आले होते. त्यांनी मऊ कापडाची पट्टी कार्बोलिकमध्ये भिजवून जखमेवर ठेवली आणि औषध उडून जाऊ नये म्हणून वरून कथिलाचा पातळ पत्रा लावला. सहा आठवड्यांनी मुलाचा पाय शाबूत होता. १८६७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी अशा अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, नऊ बरे झाले.

जुनी लाल कार्बोलिक साबणाची वडी ज्यांच्या घरी होती, त्यांना तो वास आठवत असेल. तोच हा पदार्थ.

लिस्टर तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि येथूनच आजच्या प्रश्नाशी नाते जुळते. कार्बोलिकमध्ये दोन दोष होते. एक म्हणजे ते कातडी जाळते. रुग्णाचीही आणि डॉक्टरांच्या हातांचीही. दुसरे, ते हवेत उडून जाते, म्हणजे आज जंतुनाशक असलेले कापड उद्या साधे फडके होऊन बसते. १८७० नंतर त्यांनी यावर युक्ती काढली. स्वस्तातले विरळ विणीचे सुती कापड घ्यायचे, ते कार्बोलिक, राळ आणि मेण यांच्या मिश्रणात बुडवायचे. राळ आणि मेण औषधाला धरून ठेवतात आणि ते हळूहळू सुटत राहते. अशा कापडाच्या आठ घड्या जखमेवर ठेवीत, आणि वरच्या दोन घड्यांच्या मध्ये पाणी न शिरणारे रबरी कापड घालीत. या विरळ कापडाला इंग्रजीत मस्लिन म्हणत. हा शब्द इराकमधील मोसल शहराच्या नावावरून आला असे मानतात. आपण त्यास मलमल म्हणतो. विणकरांच्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया ज्या साधनांवर उभा राहिला त्यांत मलमलीच्या आठ घड्या आहेत.

एवढे करूनही कापड औषध कायम धरून ठेवीत नसे. ते पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवावे लागे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच हे उमगले होते की कापडाला औषध लावणे सोपे, टिकविणे अवघड. आणि जे जंतूला मारते ते माणसाच्या कातडीलाही थोडेफार लागतेच. आजचे जंतुरोधक कापड बनविणारे याच दोन अडचणींशी झगडत आहेत.

त्यानंतर वारे फिरले. जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली दाखवून दिले की कार्बोलिक काही चिवट जंतुबीजांपुढे निष्प्रभ ठरते, पण पाण्याची वाफ त्यांनाही नष्ट करते. घरचा कुकरही कोंडलेल्या वाफेवरच चालतो. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे ठेवले की कापड निर्जंतुक होते, मात्र वाफ घडीच्या आतपर्यंत पोचली पाहिजे. मग औषधात बुडविलेले कापड मागे पडले आणि वाफेत शिजविलेले कोरडे कापड पुढे आले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाजूला भोके असलेले जे स्टीलचे गोल डबे दिसतात, ज्यांना तिथली मंडळी 'ड्रम' म्हणतात, ते याच युगाची देणगी. भोके वाफ आत जाण्यासाठी. वाफ देऊन झाली की सरकत्या पट्टीने ती बंद करतात. वानलेस साहेब न्यूयॉर्कला वैद्यक शिकून १८८९ साली हिंदुस्थानात आले, ते नेमके या दोन युगांच्या सांध्यावर. प्रथम सांगलीस आणि मग मिरजेस त्यांनी काम केले. शस्त्रक्रियेसाठी मिरजेचे नाव दूरवर गेले आणि १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. चांगला हात एकट्याने एवढे करू शकत नाही. पाठीमागे कोणी तरी रोज कापड उकळत आणि वाफवत असते, म्हणून जखमा भरून येतात. त्यांची नावे फलकावर नसतात.

मिरजेचे रुग्णालय जेमतेम दोन वर्षांचे झाले असेल, तोच १८९६ मध्ये मुंबईस प्लेग आला आणि पुढे आपल्या या दक्षिण भागातही पसरला. म्हातारी माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी सांगत, त्या त्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेल्या. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर सरकारी पथके घरांत शिरून कपडे, अंथरुणे बाहेर काढीत, औषधात बुचकळीत किंवा जाळून टाकीत. गरिबाच्या घरी दोनच वाकळा. त्यांतली एक जळाली तर थंडीत करायचे काय? पुण्यात हा रोष कोणत्या थराला गेला, ते रँडच्या वधाच्या धड्यात आपण वाचतोच. यातली विचित्र बाब अशी की प्लेगचा प्रसार उंदरावरच्या पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ साली दाखविले, आणि मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतरच्या प्रयोगांनी ते पक्के केले. म्हणजे कापडाविषयी सरकारला वाटणारी भीती अगदीच खोटी नव्हती, कारण पिसवा कापडातून प्रवास करतात. पण कारण न कळता केलेल्या जाळपोळीने रोग थांबला नाही आणि लोकांचा विश्वास मात्र गेला.

पुढची पन्नास वर्षे झपाट्याने ओलांडू. पेनिसिलिन आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ते औषध आपल्याकडेच तयार होऊ लागले. त्याने लाखो जीव वाचले. त्याबरोबर थोडी बेफिकिरीही आली. जखम चिघळली तर इंजेक्शन आहेच, मग चादरीचे एवढे काय? १९६१ साली इंग्लंडमध्ये मेथिसिलिनलाही दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू आढळले. त्यानंतर एकेका औषधाची धार बोथट होत गेली आणि रुग्णालयात येऊन जडणारा संसर्ग ही जगभरची डोकेदुखी झाली. तेव्हा शास्त्रज्ञांची नजर पुन्हा कापडाकडे वळली.

अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली रुग्णालयात नेहमी लागणारी कापडे घेऊन त्यांवर जंतू सोडले आणि ते किती दिवस जगतात ते मोजले. सुती कपडे, टॉवेल, मिश्र धाग्याचे गणवेश, पॉलिएस्टरचे पडदे, प्लास्टिकचे ॲप्रन, सर्वांवर जंतू निदान एक दिवस तरी जिवंत राहिले. काही पृष्ठभागांवर तर नव्वद दिवसांहून अधिक! पलंगाभोवतीचा पडदा आपण कधी धुतलेला पाहिला आहे काय?

यावर उपाय म्हणून जे कापड निघाले त्याची कृती कापड गिरणीतल्या माणसाला सहज समजेल. चांदी, तांबे किंवा जस्त यांचे अतिसूक्ष्म कण, नाही तर जंतूचे आवरण फोडणारी अमोनियम जातीची रसायने, यांच्या टबातून कापड काढतात, रुळांमध्ये पिळतात आणि तापवून पक्के करतात. काही वेळा धागा बनतानाच त्यात कण मिसळतात. कोळंबीच्या कवचापासून निघणारे कायटोसान, कडुलिंब, हळद यांवरही आपल्या देशात पुष्कळ काम झाले. दिल्लीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी सुरू केलेल्या एका कंपनीने रुग्णालयांसाठी परवडेल असे संसर्गरोधक सुती कापड तयार केल्याचे २०२० साली जाहीर झाले. ही सारी मंडळी लिस्टरचेच काम पुढे नेत आहेत. राळ आणि मेण यांची जागा नव्या बंधकांनी घेतली, एवढेच.

आता '९९ टक्के' या आकड्याकडे वळू. पालकांचा प्रश्न तिथेच आहे. ही तपासणी प्रयोगशाळेत होते. कापडाचा तुकडा घेतात, त्यावर ठरावीक संख्येचे जंतू ओलाव्यासह सोडतात आणि उबदार पेटीत साधारण १८ ते २४ तास ठेवून मग उरलेले जंतू मोजतात. समजा एक लाख जंतू सोडले आणि ९९ टक्के मेले; उरले एक हजार. अनुकूल ओलावा आणि पोषण मिळाले तर असे जंतू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात. हजाराचे लाख होण्यास सात वेळा दुप्पट होणे पुरते. विद्यार्थ्यांनी वहीवर करून पाहावे. सुमारे दोन तास वीस मिनिटे ते साडेतीन तास! शिवाय खाटेवर काय घडते? परिचारिकेचा हात बाहीला लागतो आणि दुसऱ्या क्षणी शेजारच्या रुग्णाला लागतो. चोवीस तास वाट पाहायला तिथे कोणी थांबत नाही. आणि कापडावर रक्त, पू किंवा घाम सांडला की त्या थराखाली औषधाचा जंतूशी संबंधच येत नाही. आधी धुणे आलेच.

मग हे सगळे फसवे आहे काय? तसेही म्हणता येणार नाही. इस्रायलमध्ये दीर्घकाळ पडून असलेल्या मेंदूच्या दुखापतीच्या रुग्णांच्या वॉर्डात चादरी, रुग्णांचे कपडे आणि टॉवेल हे सारे तांब्याच्या ऑक्साइडचे वापरून पाहिले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: संसर्ग सुमारे २४ टक्क्यांनी घटले. आकडा लहान नाही. मात्र रुग्ण शंभराहून थोडेच अधिक होते आणि आधीच्या वर्षातील काळाशी नंतरच्या वर्षाची तुलना होती. त्यामुळे अन्य कारणांचा वाटा पूर्णपणे वगळता येत नाही. याउलट अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातील ४० परिचारिकांना आळीपाळीने साधे आणि दोन प्रकारचे जंतुरोधक गणवेश दिले. २०१७ साली जाहीर झालेल्या निकालात कपड्यांवरील जंतूंत फरक आढळला नाही. सबब, जे रुग्ण आठवडेच्या आठवडे अंथरुणावर आहेत, ज्यांची कातडी भाजलेली किंवा सोललेली आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सुचविल्यास असे कापड जरूर वापरावे. चार दिवसांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढून ते घ्यावे, असे मला वाटत नाही. त्या पालकांनाही मी हेच सांगितले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरविले.

आता घरची एक गोष्ट. २०१६ चा उन्हाळा आमच्या भागात कोणी विसरणार नाही. विहिरी आटल्या होत्या. अम्मीचे खुब्याचे हाड मोडले म्हणून तिला शहरातल्या एका रुग्णालयात ठेवले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. ऑपरेशन उत्तम झाले. पण चार दिवस तिच्या खालची चादर बदलली गेली नाही. मी वॉर्डातल्या मावशींना जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "मावशी, चादर केव्हा बदलणार?" त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "पाणी कुठं हाय दादा? टँकर आला की पहिली तुमच्या अम्मीची बदलते बघा." मी गप्प झालो. पाचव्या दिवशी टाक्याच्या बाजूला लाली आली आणि अम्मीचा मुक्काम नऊ दिवसांनी वाढला. चादरीमुळेच असे झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या रात्री मी घरी आलो, आणि आमच्या हिने चादरींचा गठ्ठा तांब्याच्या बंबातले कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून उकळायला टाकला.

त्याच एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेस दहा टाक्या, प्रत्येकी पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. तिला जलदूत असे नाव मिळाले. ती आमच्याच स्टेशनावरून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे गेली. मुले ती पाहायला रुळांकडेला उभी होती. मी मनात हिशेब करीत होतो, की लातूरच्या दवाखान्यांत आज किती चादरी न धुता पडून असतील. रुग्णालयाचे कापड ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे धुवावे, असे अमेरिकेचे आरोग्य खाते सांगते. नियम उत्तम आहे, पण त्याला आधी पाणी लागते. दुष्काळी तालुक्यात सर्वांत दुर्मीळ जंतुनाशक तेच.

इथे आणखी एक बाजू आहे, ती आमच्या इचलकरंजीकडे जाते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसविला. पुढे गाव मागांच्या खडखडाटाने भरून गेले, आणि आपल्या समाजातील किती तरी घरे तिथे तसेच मालेगाव-भिवंडीस मागावर जगली. उद्या हे जंतुरोधक कापड मोठ्या प्रमाणावर होणार असेल तर ते अशाच गावांत होईल. १९८२ पासून इचलकरंजीस वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या मुलांनी फक्त माग न चालविता या विद्येतही शिरावे, असे मला फार वाटते, कारण त्यातले प्रश्न अजून सुटलेले नाहीत. एकच सांगतो. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात २००८ साली चांदीयुक्त मोजे नुसत्या पाण्यात धुवून पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. ती गेली कुठे? सांडपाण्यात. आमच्याकडचे सांडपाणी पंचगंगेत आणि तिथून कृष्णेत जाते. कापडाला औषध असे धरून ठेवता येईल काय की ते जंतूला लागेल पण नदीत जाणार नाही? लिस्टरला राळ आणि मेण सुचले. आपल्यातल्या एखाद्या मुलीला काय सुचेल कोणी सांगावे.

अम्मी त्यानंतर पाच वर्षे चालती फिरती होती. ती घरी परतली त्या दिवशी तिने पहिली चौकशी केली ती रुग्णालयात नेलेल्या दोन चादरींची. दोन्ही उकळून, वर कडक उन्हात वाळवून, घडी करून ट्रंकेत ठेवल्या होत्या. तिने एक बाहेर काढायला लावली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "ही त्या मावशींना देऊन ये. त्यांच्याकडे कमी पडतात." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती देऊन आलो.